बदला, बदल आणि मूठमाती

2015 च्या फेब्रुवारीत श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' आला, तेव्हा आम्हा बदलापूरकरांना गंमत वाटली होती. लोकलच्या इंडिकेटरवर दिसणारं आपल्या गावाचं नाव मल्टिप्लेक्सच्या पोस्टरवर! पाहून आल्यावर लक्षात आलं की चित्रपटात गाव असं फारसं नाहीच. उल्हास नदी नाही, बारवी धरण नाही, सकाळची सीएसएमटी लोकल पकडण्यासाठीची पळापळ तर नाहीच नाही. गावाचं फक्त नाव हवं होतं, तेही हिंदीतल्या एका शब्दासाठी. मराठीत सुडाला सूडच म्हणतात. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात की इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. म्हणजे नावात आहे तो बदल. बदला नंतर हिंदीतून आला.

सप्टेंबर 2024 मध्ये तोच श्लेष परत आला, 'बदला पुरा' असं लिहिलेल्या फलकांवर. या वेळी गंमत वाटली नाही असं मी म्हणेन, पण ते पूर्ण खरं नाही. म्हणून हा लेख.

आधी घटनाक्रम, थोडक्यात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत बालवाडीच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. तक्रार नोंदवून घ्यायलाच पालकांना तासन्‌तास थांबावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद राहिल्या. मागणी एकच होती, फाशी. 23 सप्टेंबरला, तळोजा तुरुंगातून चौकशीसाठी नेत असताना, मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणासाठी त्याच्यावर गोळी झाडावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. उच्च न्यायालयाला ते सहजी पटलं नाही. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं आणि बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. खालच्या मजल्यावरचे काका डबा घेऊन दारात आले. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. मी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि 'बरं झालं' असं म्हणालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात याच विषयावर बोलणं चाललं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर वसईचे एक कॅथलिक गृहस्थ बसतात, निवृत्तीला आलेले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्याला मूठमाती कोण देणार?" मला तो प्रश्न तेव्हा अस्थानी वाटला. पुढच्या चार-पाच दिवसांत बातम्या येऊ लागल्या की त्याच्या आईवडिलांना मुलाला पुरण्यासाठी जागा मिळत नाही, ठिकठिकाणी विरोध होतो आहे, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे. तेव्हा कळलं, प्रश्न अस्थानी नव्हता. त्या गृहस्थांच्या परंपरेत तो फार जुना आहे.

तो प्रश्न डोक्यात ठेवून मी 'बदलापूर' पुन्हा पाहिला, आणि या वेळी निराळाच चित्रपट दिसला.

कथा अनेकांना माहीत असेल. पुण्यात बँक लुटून पळणारे दोन दरोडेखोर एका गाडीत घुसतात. गाडीत रघूची बायको आणि लहान मुलगा असतात. दोघंही जिवानिशी जातात. दरोडेखोरांपैकी लियाक पकडला जातो आणि सांगतो की खून साथीदाराने केले. साथीदाराचं नाव मात्र सांगत नाही. त्याला वीस वर्षांची शिक्षा होते. रघू बदलापुरात येऊन राहतो आणि वाट पाहतो. पंधरा वर्षांनी लियाकला कर्करोग झाल्याचं कळतं. कैद्यांसाठी काम करणारी एक बाई रघूकडे येते. मरणाऱ्या माणसाला शेवटचे दिवस बाहेर काढू द्यावेत, त्याला रघूने हरकत घेऊ नये, अशी तिची विनंती असते. म्हणजे दयेचा अर्ज सरकारच्या आधी रघूच्या दारात येतो. रघू नाही म्हणतो, आणि नंतर हो म्हणतो. पण त्याच्या होकारात दया नाही. तो सौदा आहे. त्याला साथीदाराचं नाव हवं आहे. नाव मिळतं, आणि रघू त्या साथीदाराला व त्याच्या बायकोला मारून टाकतो. ती बायको तर कुठल्याच गुन्ह्यात नव्हती. त्यानंतर कळतं की रघूच्या बायको-मुलाचे खून लियाकनेच केले होते. शेवटी लियाक पोलिसांकडे जाऊन रघूने केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो आणि तुरुंगात मरतो. ज्याचं घर त्याने उद्ध्वस्त केलं, त्याला तो पुन्हा जगण्याची संधी देऊन जातो.

ही कथा मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या 2004 च्या कादंबरीवरून घेतलेली आहे. कार्लोत्तो यांची स्वतःची गोष्टही इथे सांगायला हवी. 1976 मध्ये पादुआ शहरात झालेल्या एका तरुणीच्या खुनासाठी त्यांना दोषी ठरवलं गेलं. आपण निरपराध आहोत असं ते सतत सांगत राहिले. वर्षानुवर्षं खटले, पळापळ आणि तुरुंगवास झाल्यावर 1993 मध्ये इटलीचे राष्ट्रपती स्काल्फारो यांनी त्यांना माफी दिली. म्हणजे ज्या लेखकाने सूड आणि माफीची ही गोष्ट रचली, तो स्वतः एका दयेच्या अर्जामुळे बाहेर आलेला माणूस होता. दया मिळाली म्हणजे सत्य सिद्ध झालं असं नव्हे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? माफीने माणूस सुटतो. तो निरपराध होता की नाही, हे माफी सांगत नाही.

कथा कॅथलिक देशातून आली आणि तिच्या हाडात कॅथलिक गोष्टी उरल्या, असं मला वाटतं. कबुली आहे, प्रायश्चित्त आहे, दुसऱ्याचं पाप आपल्या खांद्यावर घेणं आहे. येशूच्या शेजारच्या क्रुसावर टांगलेला आणि शेवटच्या घटकेला पालटलेला गुन्हेगार लूकच्या शुभवर्तमानात आहे. नवाजुद्दीन सिद्दीकीचा लियाक हा त्याचा आपल्याकडचा उनाड, खोटारडा भाऊ. पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा या शेवटाने मी हललो होतो. गुन्हेगार मोठा झाला आणि पीडित लहान झाला, ही उलटापालट धाडसाची वाटली होती.

आता वाटतं, ती अर्धीच आहे. त्याचं कारण सांगण्यासाठी थोडं आडवळण घेतो.

दयेबद्दल कॅथलिक विचार काय म्हणतो हे मी त्या गृहस्थांच्या प्रश्नानंतर वाचू लागलो. श्रद्धेने नाही, कुतूहलाने. मला वाटत होतं, तिथे 'माफ करा, विसरा' असं काही असेल. तसं नाही. तेराव्या शतकातले थॉमस अॅक्वायनस दया आणि न्याय यांचं नातं एका हिशेबाने समजावतात. एखाद्याचं मी शंभर नाणी देणं लागतो आणि त्याला माझ्या खिशातून दोनशे देतो, तर मी न्याय मोडत नाही, न्यायाच्या पुढे जातो. या हिशेबात आधी शंभर आहेत. ते बुडवून दया करता येत नाही. 1980 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी दयेवर एक परिपत्रक लिहिलं. त्यातही क्षमा म्हणजे वाईटाला दिलेली सूट नव्हे, नुकसानीची भरपाई ही क्षमेची अटच आहे, असा मुद्दा आहे. याच पोपनी 1993 मध्ये नैतिक सत्यावर वेगळं परिपत्रक काढलं. त्याचा गाभा असा, की काही कृत्यं मुळातच चूक असतात आणि हेतू कितीही चांगला असला तरी ती बरोबर ठरत नाहीत. निरपराधाचा जीव घेणं तसंच. खोटं बोलण्याच्या बाबतीत ऑगस्टीन तर इतका कडक आहे, की एखाद्याचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा तो खोट्याला परवानगी देत नाही.

आता लियाककडे परत येऊ. त्याची दया कशावर उभी आहे? खोट्या कबुलीवर. त्याने जे केलं ते पोलिसांपासून पंधरा वर्षं लपवलं, आणि जे केलं नाही ते कबूल केलं. त्याच्या त्यागाने रघू सुटतो. पण रघूच्या हातून मेलेल्या त्या बाईला कोणी न्याय दिला? तिचा खून कायमचा चुकीच्या नावावर जमा झाला. चित्रपटाला तिची आठवण नाही. खरं तर रघूच्या बायको-मुलाचीही नाही. ती दोघं कथेला किल्ली देण्यापुरती येतात आणि जातात. उरतात दोन पुरुष आणि त्यांच्यातला हिशेब. मेलेल्यांच्या वतीने सत्य मागणारं पडद्यावर कुणीच नाही. म्हणून त्या शेवटाने डोळे भरून येतात, पण मागे एक पोकळी राहते.

याच्या शेजारी टिम रॉबिन्सचा 'डेड मॅन वॉकिंग' ठेवून पाहावा. 1995 चा हा चित्रपट सिस्टर हेलन प्रीजान या कॅथलिक संन्यासिनीच्या 1993 च्या पुस्तकावर आधारलेला आहे. लुइझियानात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांसोबत शेवटपर्यंत राहिलेली ही बाई. चित्रपटातला कैदी बलात्कार आणि खुनात सामील आहे, उद्धट आहे, वर्णद्वेष्टा आहे, आणि सगळं साथीदारावर ढकलतो आहे. अगदी लियाकसारखाच. सिस्टर हेलन त्याचा जीव वाचवण्यासाठी धडपडते, पण त्याला खोट्यावर सोडत नाही. तू काय केलंस ते तुझ्या तोंडाने बोल, असं ती पुनःपुन्हा म्हणते. मृत्यूच्या अगदी अलीकडे तो बोलतो, रडतो. त्याला विषाची सुई दिली जाते तेव्हा दिग्दर्शक त्याच्या मरणाच्या मध्ये मध्ये त्या रात्रीचा गुन्हा दाखवतो. प्रेक्षकाला दोन्ही एकदम बघावं लागतं. एका डोळ्यात दया आणि दुसऱ्यात सत्य, एकही मिटायचा नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सिस्टर हेलन सुरुवातीला मृतांच्या आईवडिलांना भेटतच नाही. ती चूक होती हे प्रत्यक्षातल्या सिस्टर हेलननी पुस्तकात उघड मान्य केलं आहे. चित्रपटात ती त्यांच्या दारात जाते, अपमान सोसते, ऐकत बसते. शेवटी त्या कैद्याच्या दफनाला मृत मुलाचा बाप येतो आणि लांब उभा राहतो. तो माफ करत नाही, मनातला राग जात नाही असंच सांगतो. फक्त येतो. 'बदलापूर'मध्ये अशी लांब उभं राहण्याची जागाच कुणाला नाही.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. कारण एका संस्थेच्या दयेबद्दल इतकं चांगलं लिहिताना तिच्याच इतिहासाकडे पाठ करून बसणं योग्य नव्हतं. विषय लहान मुलांचा आहे. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना दशकानुदशकं एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवणारी, प्रकरणं दाबणारी संस्थाही हीच. ऑगस्ट 2018 हा महिना त्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. 2 ऑगस्टला जाहीर झालं की पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद बदलला आहे आणि मृत्युदंड यापुढे कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. 14 ऑगस्टला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीचा अहवाल आला. त्यात तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि एक हजाराहून अधिक बळी. 20 ऑगस्टला फ्रान्सिस यांनी जगभरच्या कॅथलिकांना पत्र लिहून चर्चने या लहानांना वाऱ्यावर सोडलं हे कबूल केलं. बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला, आमच्या स्टेशनात लोक रुळांवर बसले होते.

तारखांचा हा योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवायचा नाही. पण त्या एका महिन्याने दयेची परीक्षा घेतली, असं मी म्हणेन. मारू नका, असं जी संस्था म्हणते तिने आधी लपवू नका हे शिकायला हवं होतं. ज्यांनी प्रकरणं दाबली त्यांनीही 'दया', 'क्षमा', 'पश्चात्ताप' हेच शब्द वापरले. गुन्हेगाराला क्षमा आणि बळीला मौन, असा तो व्यवहार होता. अॅक्वायनसच्या हिशेबात बसवायचं तर शंभर बुडवून दोनशेचा आव. लियाकची दया आणि या बिशपांची दया यांची प्रत वेगळी, हेतू वेगळा, पण दोघांच्या पायाखाली एकच गोष्ट आहे. सत्य दडवणं.

आणि मुंब्रा बायपास? तिथे तर दयेचा प्रश्नच नव्हता, असं कोणी म्हणेल. पण तिथेही हेच झालं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. साक्षीपुरावे, उलटतपासणी, कोणी काय पाहिलं, कोणी दुर्लक्ष केलं, तक्रार नोंदवायला उशीर का झाला, हे सगळं ज्या उजेडात यायला हवं होतं तो दिवाच मालवला जातो. इतर आरोपींचे खटले चालतील, चौकशा होतील. पण मुख्य आरोपीविरुद्धचा निकाल त्या दोन मुलींना आता कधीच मिळणार नाही. उद्या त्या मोठ्या होतील. आमच्या बाबतीत काय झालं होतं, असं विचारतील. त्यांच्या हातात ठेवायला न्यायालयाचं निकालपत्र नसेल. पोलिसांनी सांगितलेली, न्यायालयाला न पटलेली एक गोष्ट असेल आणि काही फलकांचे फोटो असतील. फाशी मागणाऱ्या गर्दीचा राग मी समजू शकतो, त्या गर्दीत माझे शेजारी होते. पण त्या रागाला जे मिळालं ती फाशीही नव्हती. फाशीला आधी खटला लागतो.

आपल्या परंपरेत याचं उत्तर नाही का? आहे, आणि ते सरळ नाही. तुकोबांनी दयेची व्याख्या करताना प्राणिमात्रांच्या सांभाळासोबत दुष्टांचा नायनाटही त्याच व्याख्येत घातला. रेल्वे रुळांवरचा माणूस तुकोबांचा आधार घेऊ शकतो. ज्ञानोबांनी मात्र पसायदानात दुष्टाचा नाश मागितला नाही, त्याच्यातला वाकडेपणा गळून जावा आणि त्याला चांगल्याची ओढ लागावी एवढंच मागितलं. तेही वारकरी, हेही वारकरी. मराठी माणूस या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतो, आणि ज्या दिवशी मुलगी शाळेतून सुखरूप घरी येते त्या दिवशी ज्ञानोबांच्या बाजूला सरकतो.

आता मूठमातीकडे. कॅथलिक परंपरेत देहाशी संबंधित अशी दयेची सात कामं मोजतात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट. ही सहा मत्तयच्या शुभवर्तमानातून येतात. सातवं, मृताला पुरणं, तिथे नाही. ते टोबीतच्या पुस्तकातून आलं, असं मानतात. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. निनवे शहरात राजाने मारून टाकलेल्या स्वकीयांची प्रेतं टोबीत चोरून पुरत असे. राजाला कळलं, टोबीतला पळावं लागलं, मालमत्ता गेली. परत आल्यावरही तो पुरतच राहिला आणि शेजारी त्याला हसले.

टोबीतने पुरलेली माणसं निरपराध होती. आमच्या गोष्टीतला मृत माणूस दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी होता. हा फरक मी पुसत नाही. पण सात कामांच्या त्या यादीत, पुरण्याआधी मृताची वर्तणूक तपासा, अशी अट नाही. कैद्याला भेटण्याआधी तो निर्दोष आहे का ते बघा, असंही नाही. दया पात्रता पाहून केली तर ती बक्षीस होते. दुसरं असं, की मूठमाती मृतासाठी असते तशी जिवंतांसाठीही. त्या आईवडिलांवर कुठलाच आरोप नव्हता. त्यांना मुलगा पुरायचा होता, आणि पुढे चौकशीसाठी गरज पडली तर देह उपलब्ध राहावा, हेही त्यामागे होतं. म्हणजे इथे दया आणि सत्य दोघांनाही साडेतीन हात जमीन हवी होती. 29 सप्टेंबरला, पोलिस बंदोबस्तात, स्थानिकांच्या विरोधातून, उल्हासनगरला दफन झालं. आमच्या बदलापुरात जागा मिळाली नाही.

उल्हासनगर हे गाव फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. कुठेच जागा नसलेल्यांना जागा देऊनच ते वसलं. त्या दिवशी तिथल्या लोकांनीही राजीखुशीने जागा दिली असं मी म्हणत नाही. पण माती तिथलीच मिळाली.

'बदलापूर' पुन्हा पाहावा असं मी सांगेन. त्यात एक मोठी गोष्ट आहे. दया अनपेक्षित दिशेने, नको त्या माणसाकडून येऊ शकते, हे आपल्या चित्रपटांत क्वचित दिसतं. फक्त तो पाहून झाल्यावर त्याच रात्री 'डेड मॅन वॉकिंग'ही पाहावा, म्हणजे पहिल्याने काय सोडून दिलं ते कळेल. माफी द्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्यांची मुलं आहेत त्यांना मी माफ करा असं सांगणार नाही, मला तो अधिकार नाही. खरं काय घडलं ते कळू देणं आणि मेलेल्याला पुरू देणं, एवढं मात्र गाव म्हणून आपल्याला जमायला हवं होतं.

वसईच्या त्या गृहस्थांना मी 30 तारखेला सांगितलं, "काल झालं दफन. उल्हासनगरला."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने विचारलं, "आणि त्या मुली? शाळेत जातात का आता?"

मला माहीत नव्हतं. आठवडाभर मी त्याच बातम्या वाचत होतो, गोळी कुठे लागली ते मला ठाऊक होतं, पण हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.